संविधानाच्या अर्थनिर्णयावर शोधनिबंध लिहिताना: प्रश्नापासून तळटीपेपर्यंत

एलएलएमचा प्रबंध असो, पीएचडीचे एखादे प्रकरण असो की विधि नियतकालिकासाठीचा लेख, संविधानाच्या अर्थनिर्णयावरचे लेखन बहुतेक वेळा एकाच जागी कोसळते. लेखकाला एखादा निकाल आवडलेला असतो किंवा खटकलेला असतो, आणि मग त्या निकालाला सोयीची पडेल अशी अर्थ लावण्याची पद्धत तो शोधत जातो. एका प्रकरणात त्याला संविधान सभेतले भाषण निर्णायक वाटते, दुसऱ्यात शब्दांचा साधा अर्थ, तिसऱ्यात ‘काळाबरोबर वाढणारे संविधान’. तिन्ही ठिकाणी मांडणी ओघवती असू शकते, तळटीपाही भरपूर असू शकतात. पण जाणकार परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो की ही पद्धत तुम्ही तिथे का वापरली आणि इथे का सोडली? त्या प्रश्नाला उत्तर देता येईल असे लेखन कसे उभे करायचे, ते टप्प्याटप्प्याने पाहू. सोबतीला एकच उदाहरण घेऊ, अनुच्छेद ३९(ख), म्हणजे समाजाच्या साधनसंपत्तीच्या विभागणीबद्दलचे राज्यधोरणाचे तत्त्व. महाराष्ट्रातल्या कायद्यावरून सुरू झालेला हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याचा निकाल लागला. अर्थनिर्णयाच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका प्रकरणात सापडतात.

आधी प्रश्न छोटा करा

‘न्यायालयीन सक्रियता आणि भारतीय संविधान’ हा विषय आहे, प्रश्न नाही. प्रश्नात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: संविधानातला नेमका शब्द किंवा वाक्यांश, त्याचे एकमेकांशी न जुळणारे किमान दोन अर्थ, आणि कोणता अर्थ घेतला की काय बदलते. ३९(ख) बाबत तो असा होईल: ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या शब्दांत खासगी मालकीची मालमत्ता येते का? येत असेल, तर सगळी येते की काहीच? हो म्हटले तर कायदेमंडळाला कोणते दार उघडते आणि नाही म्हटले तर कोणते बंद होते?

प्रश्नाची जातही इथेच ठरवा. न्यायालयाने काय केले हे सांगणे वेगळे. न्यायालयाने जे केले ते त्याच्याच आधीच्या निवाड्यांशी जुळते का, हे तपासणे वेगळे. आणि न्यायालयाने काय करायला हवे होते हे मांडणे त्याहूनही वेगळे. तिन्ही एका प्रबंधात येऊ शकतात, पण कोणत्या परिच्छेदात यातले काय चालले आहे हे वाचकाला कळले पाहिजे. ‘न्यायालयाने हा अधिकार मान्य केला’ या वाक्यावरून ‘म्हणून हा अधिकार संविधानात आहे’ या वाक्यावर उडी मारणारे प्रबंध फार आहेत. मधली पायरी लिहायची राहिलेली असते, आणि खरे काम त्या पायरीतच असते.

मजकूर वाचा, तोही तारखेसह

निवाड्यात उद्धृत झालेल्या तुकड्यावर विसंबू नका. संविधानाची प्रत उघडा आणि अनुच्छेद शेजारपाजाऱ्यांसह पूर्ण वाचा. ३९(ख) म्हणतो की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण यांची विभागणी सर्वांच्या हिताला सर्वांत पोषक ठरेल अशी होईल, या दिशेने राज्याने आपले धोरण आखावे. इथे प्रत्येक शब्दाला हात लावून पाहायचा. ‘समाजाची’ हा शब्द काय करतो? तो नसता तर अर्थ बदलला असता का? बदलला असता असे वाटत असेल, तर ‘सगळी खासगी मालमत्ता यात येते’ या अर्थाला पहिली अडचण इथेच आली. उलट बाजूने, साधनसंपत्ती आधीपासूनच सार्वजनिक मालकीची असावी असे गृहीत धरले, तर ‘मालकीची विभागणी’ या शब्दांना कितपत काम उरते? म्हणजे नुसता मजकूर वाचूनच दोन्ही टोके डळमळू लागतात. हे निबंधात असेच प्रामाणिकपणे नोंदवा.

मग शेजार पाहा. ३९(ग) संपत्तीच्या आणि उत्पादनसाधनांच्या केंद्रीकरणाबद्दल बोलतो. अनुच्छेद ३७ सांगतो की राज्यधोरणाची ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, तरी देशाच्या कारभारासाठी मूलभूत आहेत. अनुच्छेद ३१ग काही कायद्यांना ३९(ख) आणि (ग) यांच्या आधारे समानता व स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कांवरून होणाऱ्या आव्हानापासून संरक्षण देतो, म्हणून तर ‘साधनसंपत्ती’ या शब्दाच्या अर्थाला एवढी किंमत आली. अनुच्छेद ३६७ नुसार संविधानाचा अर्थ लावताना १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (कायद्यांतल्या नेहमीच्या शब्दांच्या व्याख्या आणि अर्थ लावण्याचे नियम देणारा कायदा) लागू होतो, हे फार थोडे विद्यार्थी तपासतात.

तारखेचे भान ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. ३१ग हा २५ व्या घटनादुरुस्तीने आला, केशवानंद भारती खटल्यात त्याचा काही भाग रद्द झाला, ४२ व्या दुरुस्तीने तो विस्तारला, आणि मिनर्व्हा मिल्सच्या निकालाने १९८० मध्ये तो विस्तार रद्द ठरला. मग त्याआधीचा मजकूर आपोआप परत आला का? २०२४ च्या निकालात यावर स्वतंत्र चर्चा आहे आणि उत्तर ‘हो’ असे आहे. मालमत्तेच्या कोणत्याही प्रश्नावर लिहिताना ४४ व्या दुरुस्तीआधीचा मजकूर हवा की नंतरचा, हे पहिल्या पानावर स्पष्ट करा. त्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून काढला आणि अनुच्छेद ३००क आणला. १९६५ चा निवाडा आजच्या मजकुराला लावला की पुढचा सगळा युक्तिवाद तिरका जातो.

संविधान सभेचे वादविवाद: कोण, कधी, कशाला उत्तर देताना

इथे सर्वाधिक वेळ द्या. वादविवादाचे खंड इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत आणि शब्द टाकून शोधताही येतात. या सोयीमुळेच घात होतो. शब्द शोधला, वाक्य मिळाले, उचलले, असे करू नका. मसुद्यातले क्रमांक वेगळे होते. आजचा अनुच्छेद ३९ मसुद्यात ३१ होता आणि आजचा २१ मसुद्यात १५ होता. आधी मसुद्याचा क्रमांक काढा, त्यावर चर्चा झालेले सगळे दिवस शोधा आणि प्रत्येक दिवसाची चर्चा सलग वाचा.

३९(ख) चे पाहा. प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती सुचवली होती की खाणी, जंगले, नद्या अशा नैसर्गिक साधनसंपत्तीची मालकी देशाकडे सामूहिकपणे असावी. सभेने ती फेटाळली. एवढेच वाचून ‘सभेने समाजवादी अर्थ नाकारला’ असे कोणी लिहील. पण २२ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी दिलेले उत्तर वाचले की चित्र पालटते. त्यांचे म्हणणे असे की मसुद्यातली भाषा अधिक व्यापक आहे, शहांनी सुचवलेल्या गोष्टी तिच्यात येतातच, आणि ती जाणूनबुजून सर्वसाधारण ठेवली आहे. म्हणजे दुरुस्ती नाकारली गेली ती आशय नकोसा होता म्हणून नाही, तर ती अनावश्यक होती म्हणून. फेटाळलेली दुरुस्ती हा पुरावा तेवढ्यापुरता दुबळाच असतो. ती का फेटाळली गेली हे सापडले तरच त्याला वजन येते. शिवाय त्याच महिन्यात, १५ नोव्हेंबरला, आंबेडकरांनी संविधानात समाजवादी अर्थव्यवस्था कायमची लिहून ठेवायला विरोध केला होता. समाजाने आपली आर्थिक रचना कशी करावी हे लोकांनी काळानुसार ठरवावे, अशी त्यांची भूमिका होती. ही दोन भाषणे एकत्र ठेवली तर एक अर्थ दिसू लागतो: शब्द मुद्दाम रुंद ठेवले, पण कोणत्याही एका आर्थिक विचारसरणीच्या दावणीला बांधले नाहीत.

टिपणे काढताना प्रत्येक उताऱ्यापुढे चार नोंदी करा. बोलणारा कोण (मसुदा समितीच्या वतीने उत्तर देणारा की एकटा सदस्य), तारीख, कोणत्या दुरुस्तीवर, आणि शेवटी मतदानात काय झाले. एका सदस्याचे सुंदर भाषण म्हणजे सभेचा हेतू नव्हे.

निवाड्यातली डोकी मोजा

‘सर्वोच्च न्यायालय म्हणते’ हे वाक्य लिहिण्याआधी कोणते न्यायाधीश म्हणतात आणि किती, हे पाहा. ३९(ख) चा इतिहास याच चुकीभोवती फिरतो.

१९७७ मध्ये रंगनाथ रेड्डी खटल्यात सात न्यायाधीशांसमोर कर्नाटकातल्या कंत्राटी बसवाहतुकीच्या सरकारीकरणाचा प्रश्न होता. कायदा वैध यावर सर्वांचे एकमत झाले. न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतःसह तिघांच्या वतीने लिहिलेल्या मतात ३९(ख) चा अतिशय व्यापक अर्थ लावला, खासगी मालमत्ताही त्यात धरली. उरलेल्या चौघांच्या वतीने न्या. उंटवालिया यांनी लिहिले, आणि या मुद्द्यावरच्या सगळ्या म्हणण्याशी आम्ही सहमत आहोत असे समजू नये, हे मुद्दाम नोंदवले. म्हणजे व्यापक अर्थ हे त्या मुद्द्यावर तिघांचेच मत होते. पुढे संजीव कोक खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने याच मतावर भिस्त ठेवून ३९(ख) चा अर्थ लावला. १९९६ मध्ये मफतलाल खटल्यातल्या नऊ न्यायाधीशांच्या निकालात त्याच धर्तीचे एक वाक्य आले. आता ‘नऊ न्यायाधीशांनी मान्य केले आहे’ असे म्हणायची सोय झाली. पण मफतलालमध्ये प्रश्न कर-परताव्याचा होता. ३९(ख) चा अर्थ तिथे निकालासाठी लागणारच नव्हता. २०२४ च्या पीठाने ही साखळी उलगडून दाखवली: संजीव कोकने अल्पमतावर विसंबायला नको होते आणि मफतलालमधले वाक्य बंधनकारक निर्णयाधार, म्हणजे निकाल ज्यावर उभा आहे असे कारण, नाही.

हे तुमच्या प्रबंधात घडू नये म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या निवाड्यासाठी एक तक्ता करा. उभ्या रांगेत न्यायाधीशांची नावे, आडव्या रांगेत मुद्दे, चौकटीत ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘बोलले नाहीत’, आणि त्यापुढे परिच्छेद क्रमांक. ‘बोलले नाहीत’ ही नोंद फार मोलाची आहे, कारण मौनालाच संमती धरून पुष्कळ चुकीचे दावे उभे राहतात. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद निकालात १३ न्यायाधीश, ११ स्वतंत्र मते आणि सात विरुद्ध सहा असे बहुमत आहे. वर नऊ न्यायाधीशांच्या सहीचा सारांश आहे, ज्याच्या अधिकाराबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. तिथे तक्त्याशिवाय ‘केशवानंदने असे ठरवले’ म्हणणे धाडसाचे आहे.

भिन्नमत वाचायला विसरू नका, पण त्याचे स्थान ओळखून वाचा. १९५० च्या गोपालन खटल्यात न्या. फझल अली एकटे पडले होते. हक्कांचे अनुच्छेद एकमेकांपासून तोडून वाचू नयेत हा त्यांचा विचार १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात बहुमताच्या वाटेवर आला. पण १९६० साली कायदा काय होता हे लिहिताना त्यांचे मत ‘कायदा’ म्हणून उद्धृत करता येणार नाही.

सिद्धान्त सजावटीला घेऊ नका

आता कायद्याच्या तत्त्वज्ञानाकडे. अनेक प्रबंधांत दुसरे प्रकरण हार्ट आणि ड्वॉर्किन हे कायद्याचे तत्त्वज्ञ आणि मूलार्थवाद (संविधानाच्या शब्दांचा ते स्वीकारले गेले तेव्हाचाच अर्थ घ्यावा हे मत) यांच्या परिचयाने भरलेले असते आणि पाचव्या प्रकरणात त्यांचे नावही नसते. एक साधी परीक्षा करा. सिद्धान्ताचे प्रकरण काढून टाका. निष्कर्ष जसाच्या तसा उभा राहत असेल तर ते प्रकरण नको होते.

सिद्धान्ताने काहीतरी ठरवले पाहिजे. हार्टच्या मते नियमांच्या भाषेला एक पक्का गाभा असतो आणि कडेला धूसर पट्टा. त्या पट्ट्यात न्यायाधीश निवड करतो, आणि ती निवड आहे हे आपण मान्य करावे. ही भूमिका घेतली तर ३९(ख) बाबत तुम्हाला सांगावे लागेल की जंगल, पाणी, खनिज हे गाभ्यात आणि एखाद्याचे राहते घर धूसर पट्ट्यात का, आणि तिथली निवड न्यायालयाने करावी की कायदेमंडळाने. ड्वॉर्किनची वाट घेतली तर प्रश्नच बदलतो: आजवरच्या निवाड्यांशी आणि संविधानाच्या रचनेशी जुळणारा, आणि त्यांना नैतिकदृष्ट्या सर्वांत चांगल्या रूपात दाखवणारा अर्थ कोणता? २०२४ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सात न्यायाधीशांच्या वतीने घेतलेली भूमिका अशी की खासगी साधनसंपत्ती तत्त्वतः यात येऊ शकते, पण प्रत्येक खासगी वस्तू येत नाही. साधनसंपत्तीचे स्वरूप, समाजाच्या हितावर होणारा तिचा परिणाम, तिची दुर्मीळता आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहून ते ठरवायचे. हार्टच्या नजरेने पाहिले तर ही धूसर पट्ट्यातल्या निवडीसाठी घालून दिलेली चौकट आहे. ड्वॉर्किनच्या नजरेने ती संविधानाच्या तत्त्वांतून निघालेली असायला हवी, आणि ती तशी निघते का हे तुम्हाला सिद्ध करावे लागेल. दोन सिद्धान्तांनी दोन वेगळी कामे समोर टाकली. सिद्धान्त कामाला लागणे म्हणतात ते हेच.

कोणता सिद्धान्त घ्यावा हे सुरुवातीला सुचत नसेल तर अमेरिकी घटनाअभ्यासक फिलिप बॉबिट यांची घटनात्मक युक्तिवादाच्या सहा प्रकारांची मांडणी वर्गीकरणासाठी उपयोगी आहे: इतिहास, मजकूर, रचना, पूर्वनिर्णय, समाजाची मूल्यव्यवस्था आणि व्यावहारिक परिणाम. निवाड्याच्या समासात प्रत्येक युक्तिवादापुढे त्याचा प्रकार लिहीत गेलात की न्यायाधीश कुठे एका प्रकारावरून दुसऱ्यावर सरकतो ते डोळ्यांना दिसू लागते.

परदेशी सिद्धान्त उचलताना त्यामागचे कारण इथे लागू पडते का ते आधी तपासा. अमेरिकेतला मूलार्थवाद ज्या संविधानाभोवती वाढला त्यात आजवर २७ दुरुस्त्या झाल्या आहेत. भारतात २०२३ पर्यंत १०६. दुरुस्ती इतकी सुलभ असेल तर ‘बदल न्यायालयाने करू नये, लोकप्रतिनिधींनी करावा’ या युक्तिवादाला इथे उलट अधिक बळ येते. पण मूलभूत चौकटीच्या तत्त्वामुळे (संविधानाचा गाभा दुरुस्तीनेही बदलता येत नाही, हे केशवानंद निकालातले तत्त्व) काही बदल लोकप्रतिनिधींनाही करता येत नाहीत, आणि तिथे हाच युक्तिवाद अडखळतो. हा विचार न करता तिकडचे भांडण जसेच्या तसे इकडे आणलेला निबंध इथल्या संविधानाबद्दल काहीच सांगत नाही.

नको असलेल्या प्रकरणावर पद्धत लावून पाहा

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि तो क्वचितच केला जातो. समजा तुम्ही ३९(ख) चा अर्थ मुख्यतः संविधान सभेच्या हेतूवरून लावला. आता तीच पद्धत या दोन ठिकाणी लावा.

न्यायाधीशांच्या नेमणुकीत ‘विचारविनिमय’ म्हणजे सरन्यायाधीशांची सहमती, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लावला. २४ मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी सरन्यायाधीशांना असा नकाराधिकार देणे धोक्याचे आहे असे स्पष्ट सांगून सहमतीची सूचना नाकारली होती. अनुच्छेद २१ बाबतही तेच. ‘कायद्याची उचित प्रक्रिया’ या अमेरिकी शब्दप्रयोगाऐवजी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द सभेने विचारपूर्वक ठेवले. १३ डिसेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडून निर्णय सभागृहावर सोडला आणि दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि मनमानीमुक्त असली पाहिजे असे ठरवले, म्हणजे नाकारलेल्या शब्दांचा बराचसा आशय परत आणला.

सभेचा हेतू निर्णायक मानणाऱ्याला १९९३ चा निकाल चुकीचा म्हणणे सोपे जाईल. मनेका चुकीची म्हणताना मात्र लेखणी थबकते, आणि थबकलीच पाहिजे. यातून सुटायच्या तीन वाटा आहेत. मनेकाही चुकीची आहे हे मान्य करा. किंवा हेतू हा अनेक निकषांपैकी एक आहे असे म्हणा, पण मग तो कधी भारी आणि कधी हलका याचा नियम लिहा. किंवा फरक दाखवा: हक्क देणाऱ्या रुंद शब्दांना काळानुसार अर्थ मिळू द्यावा, पण संस्थांमधली सत्तेची विभागणी करणाऱ्या तरतुदी करार म्हणून वाचाव्यात. मला तिसरी वाट सर्वांत टिकाऊ वाटते. तिच्यावरही आक्षेप आहे, कारण सत्तेची विभागणी हक्कांच्या रक्षणासाठीच असते. तो आक्षेप निबंधात तुम्हीच लिहा आणि त्याला उत्तर द्या. परीक्षकाने तो काढेपर्यंत थांबू नका.

लिहायला बसल्यावर

पहिल्या पानावर प्रश्न, तुमचे उत्तर आणि पद्धत, तिन्ही आलेच पाहिजेत. उत्तर शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून ठेवल्याने उत्कंठा वाढत नाही. वाचक नुसता चाचपडतो.

वाक्यांच्या पातळीवर एक नमुना पाहा. ‘सर्वोच्च न्यायालयाने खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती असल्याचा दृष्टिकोन नाकारला आहे’ हे वाक्य ढोबळ आहे आणि चुकीचेही. त्याऐवजी असे लिहा: ‘सात न्यायाधीशांच्या मते प्रत्येक खासगी साधनसंपत्ती ३९(ख) मध्ये येत नाही, मात्र काही येऊ शकते. न्या. नागरत्ना यांचे मत अंशतः वेगळे आहे आणि न्या. धुलिया यांनी व्यापक अर्थ कायम ठेवावा असे भिन्नमत दिले.’ लांबी वाढली, पण आता या वाक्यावर पुढची पायरी ठेवता येते.

विरोधी बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडा. व्यापक अर्थाच्या बाजूने लिहिणारा केवळ भावनेने बोलतो असे सुचवू नका. विषमता असलेल्या समाजात विभागणी करायचीच तर मालकीला हात लागणारच, हा त्याचा युक्तिवाद मजकुरातूनच निघतो.

तळटीपांत निवाड्याच्या पानाबरोबर परिच्छेद क्रमांक द्या, आणि परिच्छेद कोणत्या न्यायाधीशाच्या मतातला आहे तेही. प्रकाशनानुसार क्रमांक बदलतात, म्हणून एकच अहवालमाला निवडा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल २०२३ पासून ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत मिळतात, तेव्हा दुसऱ्याच्या लेखातून उचललेला उतारा मूळ निवाड्याशी ताडून न पाहण्याला आता काही कारण उरलेले नाही. एआयकडून मिळालेला संदर्भ मूळ निवाडा उघडून पाहिल्याशिवाय वापरू नका, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले खटलेही खऱ्यासारखे सांगतात. छापील मसुदा हातात घेऊन प्रत्येक उद्धरणासमोर पेन्सिलने खूण करत जा: मूळ पाहिले, न्यायाधीश तपासला, मजकुराची तारीख जुळली. खूण नसलेले उद्धरण सादर करण्याआधी काढा.